‘कॅन डन’ की ‘कॅन बी डन’? मोडल आणि पॅसिव्हबद्दल वाचकांचे प्रश्न

इंग्रजी लेखनाबद्दलच्या पत्रांचा गठ्ठा चाळला तेव्हा बरेचसे वाचक एकाच ठिकाणी अडलेले दिसले. कॅन, मस्ट, शुड, मे यांसारखी मोडल क्रियापदं आणि पॅसिव्ह (म्हणजे करणाऱ्याऐवजी कर्माला कर्त्याच्या जागी बसवणारी रचना) ही दोन्ही वेगवेगळी येतात, पण एका वाक्यात एकत्र आली की हात थबकतो. म्हणून हे पान पूर्णपणे त्याच प्रश्नांना दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: ऑफिसात रोज इंग्रजी ईमेल लिहावे लागतात. ‘हे काम आज करता येईल’ असं लिहायचं असतं, पण हातून कधी ‘धिस वर्क कॅन डन टुडे’, कधी ‘कॅन बी डू’, तर कधी ‘कॅन बीन डन’ लिहिलं जातं. यांतलं बरोबर कोणतं?

उत्तर: तिन्ही चूक. बरोबर वाक्य: ‘धिस वर्क कॅन बी डन टुडे’.

आधी मोडल, मग ‘बी’, मग क्रियापदाचं तिसरं रूप, एवढाच सांगाडा आहे. पण तो नुसता पाठ केला तर घाईत पुन्हा घसरतो. प्रत्येक शब्द पुढच्या शब्दाचं रूप ठरवतो, हे लक्षात घेतलं तर तो टिकतो. मोडलनंतर कायम मूळ रूपच लागतं, म्हणून इज, आर, वॉज यांपैकी काही न येता त्यांचं मूळ रूप ‘बी’ येतं. आणि पॅसिव्हमध्ये या ‘बी’नंतर तिसरंच रूप लागतं, म्हणून ‘डू’ किंवा ‘डिड’ न येता ‘डन’ येतं.

आता तुमच्या तीन वाक्यांकडे बघा. ‘कॅन डन’मध्ये मधला दुवाच गळला आहे. ‘कॅन बी डू’मध्ये ‘बी’ आहे, पण त्याच्यापुढे मूळ रूप आलं आहे आणि तसं ते येऊ शकत नाही. ‘कॅन बीन डन’मध्ये ‘बीन’ आलं आहे, पण ‘बीन’ला आधी हॅव, हॅज किंवा हॅड लागतंच. मोडलच्या लगेच पुढे ‘बीन’ दिसलं की ते वाक्य चूक आहे असं डोळे मिटून समजावं.

आणखी एक चूक कानामुळे होते. ‘मस्ट बी साइन्ड बाय द मॅनेजर’ हे भरभर बोलताना ‘साइन्ड’मधला शेवटचा ‘ड’ पुढच्या ‘बाय’मध्ये विरून जातो. ऐकून शिकलेला माणूस मग ‘मस्ट बी साइन बाय’ असं लिहितो. चेक, अप्रूव्ह, अटॅच, सबमिट या ऑफिसातल्या क्रियापदांच्या बाबतीत हे सतत घडतं. शंका आली तर त्या जागी क्षणभर ‘राइट’ किंवा ‘टेक’ हे क्रियापद ठेवून बघा. ‘मस्ट बी राइट बाय द मॅनेजर’ असं कोणी लिहिणार नाही, ‘मस्ट बी रिटन’ असंच सुचेल. म्हणजे तिथे तिसरं रूपच हवं, आणि ‘साइन’ला शेपूट लावायची आहे. कट, पुट, सेट यांची तिन्ही रूपं सारखीच असतात, त्यामुळे ‘मस्ट बी कट’ बरोबर आहे. तिथे शेपूट शोधत बसू नका.

प्रश्न: ‘हाऊ कॅन बी धिस डन?’ हे वाक्य कानाला बरं वाटतं, तरी ते चूक आहे असं सांगितलं गेलं. का?

उत्तर: प्रश्न करताना फक्त मोडल उडी मारून कर्त्याच्या आधी जातं. ‘बी’ आपली जागा सोडत नाही. ‘धिस कॅन बी डन’, त्यातलं ‘कॅन’ आधी, म्हणून ‘हाऊ कॅन धिस बी डन?’ याच हिशेबाने ‘व्हेन शुड द फॉर्म बी सबमिटेड?’, ‘व्हाय मस्ट द डोअर बी लॉक्ड?’

प्रश्नार्थक शब्दच कर्ता असेल तर उडीची गरज नाही: ‘व्हॉट कॅन बी डन?’ आणि प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात असेल तेव्हाही उडी नाही: ‘आय डोन्ट नो हाऊ धिस कॅन बी डन.’ या शेवटच्या प्रकारात चांगलं इंग्रजी लिहिणारेही चुकतात. ‘प्लीज टेल मी हाऊ कॅन धिस बी डन’ हे पत्रांमध्ये सर्रास दिसतं, ते टाळा.

प्रश्न: ‘पत्र काल पाठवायलाच हवं होतं’ या अर्थाने ‘द लेटर मस्ट हॅव बीन सेंट यस्टर्डे’ असं लिहिलं. समोरच्याने ‘पत्र गेलं’ असा अर्थ घेतला आणि घोळ झाला. मस्टचा भूतकाळ करायचा तरी कसा?

उत्तर: समोरच्याने घेतलेला अर्थच बरोबर होता. ‘मस्ट हॅव बीन सेंट’ म्हणजे ‘पाठवलं गेलं असणार’. ते अनुमान आहे. सक्तीचा मस्ट भूतकाळात जातच नाही, त्याच्या जागी ‘हॅड टू’ येतं.

सांगाडा सोपा आहे: मोडल, मग ‘हॅव’, मग ‘बीन’, मग तिसरं रूप. कर्ता एक असो की अनेक, ‘हॅव’चं ‘हॅज’ होत नाही, कारण मोडलनंतर मूळ रूपच लागतं. ‘द लेटर शुड हॅज बीन सेंट’ ही चूक एवढ्यासाठीच होते. खरी अडचण सांगाड्याची नाही, अर्थाची आहे. तेच एक पत्र घेऊन अर्थ कसे बदलतात ते बघू.

‘शुड हॅव बीन सेंट’ म्हणजे पाठवायला हवं होतं, आणि पाठवलं गेलेलं नाही. यात तक्रारीचा सूर आहे, तुम्हाला हेच लिहायचं होतं. मात्र पुढे ‘बाय नाऊ’ जोडलं तर सूर बदलू शकतो: ‘एव्हाना गेलेलं असायला हवं’, म्हणजे गेलं असेल अशी अपेक्षा.

‘हॅड टू बी सेंट’ म्हणजे पाठवणं भाग होतं, पाठवावं लागलं. बहुतेक वेळा पत्र गेलेलं असतं.

‘कुड हॅव बीन सेंट’चे दोन अर्थ आहेत. एक, पाठवता आलं असतं, पण राहिलं. दोन, कदाचित गेलंही असेल. कोणता घ्यायचा ते मागचं-पुढचं वाक्य ठरवतं. त्यामुळे महत्त्वाच्या पत्रात हे एकटं सोडू नये. ‘कदाचित गेलं असेल’ एवढंच म्हणायचं असेल तर ‘मे हॅव बीन सेंट’ किंवा ‘माइट हॅव बीन सेंट’ जास्त सुरक्षित.

‘कान्ट हॅव बीन सेंट’ म्हणजे पाठवलं गेलं असणं शक्यच नाही. ‘मस्ट हॅव बीन’ या अनुमानाचा नकार सहसा असा ‘कान्ट’ने करतात. अमेरिकी इंग्रजीत ‘मस्ट नॉट हॅव बीन’ही ऐकू येतं. ‘वुड हॅव बीन सेंट’ला सोबत एखादी अट हवी: अमुक झालं असतं तर पाठवलं गेलं असतं. आणि ‘नीड नॉट हॅव बीन सेंट’ म्हणजे पाठवायची गरज नव्हती, तरी पाठवलं गेलं.

म्हणून मोडल निवडण्याआधी स्वतःला दोन गोष्टी विचारा. काम झालं की नाही, हे मला माहीत आहे का? आणि मी अंदाज करतो आहे, की अपेक्षा सांगतो आहे? या दोन उत्तरांवर मोडल ठरतं. सांगाडा नंतर आपोआप बसतो.

याच संदर्भात ‘कुड’बद्दल एक इशारा. ‘कुड बी सेंट’ हा काही ‘कॅन बी सेंट’चा हुकमी भूतकाळ नाही. ‘पूर्वी अशी पत्रं हाताने पाठवता यायची’ अशा नेहमीच्या शक्यतेला तो चालतो. पण ‘काल अखेर पत्र पाठवता आलं’ अशा एकाच वेळी साधलेल्या गोष्टीला तो चालत नाही. तिथे ‘द लेटर वॉज फायनली सेंट’ असं सरळ लिहावं, किंवा ‘वी मॅनेज्ड टू सेंड द लेटर’ असं ॲक्टिव्हमध्ये यावं.

आणि ‘शुडव्ह बीन’ हे जोडरूप ऐकून काही जण ‘शुड ऑफ बीन’ असं लिहितात. इंग्रजी मातृभाषा असलेलेही ही चूक करतात. तरी ती चूकच आहे.

प्रश्न: मी शाळेत इंग्रजी शिकवते. मुलांना ‘कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह’ असं सांगितलेलं असतं. ‘रामाने पत्र लिहावे’ हा कर्मणी प्रयोग आहे. मग त्याचं इंग्रजी ‘शुड बी रिटन’ असं करायचं का?

उत्तर: नाही. त्याचं साधं इंग्रजी ‘राम शुड राइट द लेटर’. गोंधळाचं मूळ तुम्ही नेमकं दाखवलं आहे, म्हणून हे थोडं सविस्तर.

मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या मागे जातं यावरून. ‘रामाने पत्र लिहावे’, ‘रामाने चिठ्ठी लिहावी’, ‘रामाने पत्रे लिहावीत’: क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, म्हणून हा कर्मणी. पण वाक्याचा मुख्य धनी अजून रामच आहे, काम त्यानेच करायचं आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये मात्र कर्म उठून कर्त्याच्या जागी बसतं, आणि करणारा एक तर गायब होतो किंवा ‘बाय’चा हात धरून मागे जातो. मराठी व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ म्हणून जो प्रकार सांगतात, ‘रामाकडून पत्र लिहिले जाते’, तो याच्या जवळचा. ‘रामाने पत्र लिहावे’सारख्या कर्मणीचा आणि इंग्रजी पॅसिव्हचा असा एकास एक संबंध नाही.

मुलांना देण्यासारखी कसोटी अशी: मराठी वाक्यात करणारा ‘ने’ किंवा ‘ला’ लावून, किंवा ‘मी’, ‘तू’सारखा नुसताच हजर असेल, तर आधी ॲक्टिव्हचाच विचार करा. ‘मला हे करता येईल’ म्हणजे ‘आय कॅन डू धिस’. ‘हे करता येईल’मध्ये करणारा नाही, म्हणून ‘धिस कॅन बी डन’. ‘तू दार बंद केलं पाहिजेस’ म्हणजे ‘यू मस्ट क्लोज द डोअर’. ‘दार बंद केलं पाहिजे’ म्हणजे ‘द डोअर मस्ट बी क्लोज्ड’.

हे शेवटचं वाक्य वर्गात फळ्यावर लिहून त्यावर मुलांना बोलतं करावं असं आहे, कारण त्याचे तीन अर्थ होतात. दार बंद केलं पाहिजे, ही कृती. दार बंद असलं पाहिजे, ही स्थिती. आणि दार बंद असणार, हे अनुमान. मराठीत ‘केलं’, ‘असलं’ आणि ‘असणार’ हे तीन शब्द तिन्ही अर्थ वेगळे ठेवतात. इंग्रजीत ‘मस्ट बी क्लोज्ड’ एकट्यानेच तिन्ही ओझी वाहतं, कारण ‘क्लोज्ड’ हे क्रियापदाचं तिसरं रूपही आहे आणि विशेषणही. लिहिताना अर्थ पक्का करायचा तर स्थितीसाठी ‘मस्ट बी केप्ट क्लोज्ड’ म्हणा. कृतीसाठी वेळ किंवा पद्धत जोडा, जसं ‘मस्ट बी क्लोज्ड बिफोर द मशीन इज स्टार्टेड’. अनुमानासाठी मस्ट सोडून ‘द डोअर इज प्रॉबेबली क्लोज्ड’ म्हटलं की शंका उरत नाही. लॉक्ड, ब्रोकन, कनेक्टेड, फिनिश्ड यांचंही असंच होतं.

प्रश्न: ‘द मिस्टेक माइट बी हॅपन्ड’ हे वाक्य सॉफ्टवेअरने चूक दाखवलं. मोडल आहे, बी आहे, तिसरं रूप आहे. मग बिघडलं काय?

उत्तर: क्रियापद बिघडलं. ‘हॅपन’ अकर्मक आहे. पॅसिव्हमध्ये कर्म उठून कर्त्याच्या जागी बसतं, आणि ज्याला कर्मच नाही त्यातून काय उठणार? ‘कोणीतरी चूक हॅपन केली’ असं इंग्रजीत म्हणताच येत नाही. त्यामुळे ‘बी हॅपन्ड’ कोणत्याच काळात जमत नाही. तुम्हाला हवं होतं ते ‘द मिस्टेक माइट हॅव हॅपन्ड’.

दोन्हीकडे तिसरंच रूप आहे, म्हणून फसगत होते. फरक त्याच्या आधीच्या शब्दात आहे. ‘हॅव’ नंतरचं तिसरं रूप ‘झालेलं’ सांगतं, ‘बी’ नंतरचं तिसरं रूप ‘केलं जाणारं’ सांगतं. ऑकर, अराइव्ह, अपिअर, डिसअपिअर, एक्झिस्ट, डाय, रिमेन ही याच जातीची क्रियापदं आहेत. ‘एन एरर मे बी ऑकर्ड’ हे वाक्य छापील सूचनांतही दिसतं. तिथे ‘एन एरर मे ऑकर’ किंवा, आधीच झाली असेल तर, ‘मे हॅव ऑकर्ड’ हवं.

उलट, मागे प्रिपोझिशन घेऊन फिरणारी काही क्रियापदं पॅसिव्हमध्ये येतात, पण प्रिपोझिशन टाकून येत नाहीत. ‘धिस प्रॉब्लेम मस्ट बी डेल्ट विथ’, ‘द मॅटर शुड बी लुक्ड इनटू’, ‘द चाइल्ड मस्ट बी लुक्ड आफ्टर’, ‘शी कॅन बी रिलाइड ऑन’. शेवटचा शब्द लोंबकळल्यासारखा वाटतो म्हणून बरेच जण तो कापतात, आणि ‘द मॅटर शुड बी लुक्ड’ असं निरर्थक वाक्य हाती राहतं.

प्रश्न: बोर्डाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. ‘ही विल नॉट हेल्प मी’चं ‘आय विल नॉट बी हेल्प्ड बाय हिम’ केलं की पूर्ण गुण मिळतात. पण वाचताना अर्थ तोच वाटत नाही. माझा भ्रम आहे का?

उत्तर: भ्रम नाही, तुम्ही बारकाईने वाचता आहात. परीक्षेत जसं विचारतात तसं उत्तर लिहा, पण अर्थ बदलतो हे मनात पक्कं ठेवा.

‘ही विल नॉट हेल्प मी’मध्ये ‘विल नॉट’ बहुधा नकार सांगतं: तो मदत करायला तयार नाही. मोडलमधली इच्छा किंवा नकार कर्त्याला चिकटलेला असतो. कर्ता बदलला की तो नव्या कर्त्याला चिकटू पाहतो. म्हणून ‘आय विल नॉट बी हेल्प्ड बाय हिम’ वाचणाऱ्याला ‘मीच त्याची मदत घेणार नाही’ असंही वाटू शकतं. स्वतःच्या लेखनात हे वाक्य पॅसिव्हमध्ये नेऊच नका. ‘ही रिफ्यूझेस टू हेल्प मी’ हे स्वच्छ आहे.

‘कॅन’चंही तसंच. ‘शी कॅनॉट ओपन धिस लॉक’ म्हणजे तिला उघडता येत नाही. पॅसिव्ह करताना ‘बाय हर’ गाळलं तर ‘धिस लॉक कॅनॉट बी ओपन्ड’ उरतं, म्हणजे कुलूप कोणालाच उघडणार नाही. एकीची अडचण कुलपाचा गुणधर्म होऊन बसते. पीपल, समवन, वी, दे असे मोघम कर्ते खुशाल गाळा. करणारा विशिष्ट असेल आणि अर्थ त्याच्यावर टेकलेला असेल, तर ‘बाय’ ठेवा.

परीक्षेपुरत्या आणखी काही गोष्टी. मोडल बदलत नाही, कॅनचं कुड किंवा मेचं माइट करू नका. सर्वनामाचं रूप बदला: हिम असेल तर ही, देम असेल तर दे. ‘आय शॅल’चं कर्ता बदलल्यावर ‘इट विल’ करायची जुनी पद्धत काही पुस्तकांत आहे. आजच्या वापरात आय, यू, ही, इट अशा सगळ्या कर्त्यांना ‘विल’ चालतं, आणि ‘शॅल’ मुख्यतः करार, नियम, मानकं यांत उरलं आहे. दोन कर्मं असतील तर दोन उत्तरं निघतात. ‘यू शुड गिव्ह हिम अ चान्स’चं ‘ही शुड बी गिव्हन अ चान्स’ किंवा ‘अ चान्स शुड बी गिव्हन टू हिम’. व्यवहारात पहिलं जास्त चालतं. ‘विल बी रायटिंग’ अशा चालू भविष्याचं पॅसिव्ह शालेय पुस्तकं करायला सांगत नाहीत. ‘मे बी बीइंग रिपेअर्ड’ अशी रचना व्याकरणात बसते, पण क्वचितच कोणी ती लिहितं.

मोडलचं वाक्य यंत्रासारखं उलटवण्याचा हा सराव रूपं पक्की होईपर्यंत उपयोगी आहे. त्यानंतर तो थांबवावा, असं आम्हाला ठामपणे वाटतं. पॅसिव्ह हे ॲक्टिव्हचं भाषांतर नाही. करणाऱ्याला बाजूला ठेवायचं आहे असं ठरलं की वाक्य थेट पॅसिव्हमध्येच सुचायला हवं.

प्रश्न: यंत्रांची माहितीपुस्तिका इंग्रजीत लिहिण्याचं काम आहे. पॅसिव्ह वापरावा असं सांगितलं जातं, पण शॅल, मस्ट, शुड, मे, कॅन यांतलं कुठे काय, हे कोणी सांगत नाही.

उत्तर: तांत्रिक लेखनात हे शब्द सवयीने नव्हे, ठरवलेल्या अर्थाने वापरतात. आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थांच्या मानकांत ‘शॅल’ म्हणजे अट, पाळलीच पाहिजे. ‘शुड’ म्हणजे शिफारस. ‘मे’ म्हणजे परवानगी. ‘कॅन’ म्हणजे शक्यता किंवा क्षमता. तिथे ‘शॅल’च्या जागी ‘मस्ट’ वापरत नाहीत. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांसाठी 1997 साली आलेल्या आरएफसी 2119 मध्ये मात्र ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ एकाच अर्थाचे धरले आहेत. 2017 सालच्या आरएफसी 8174 ने हे खास अर्थ मोठ्या लिपीत छापलेल्या शब्दांनाच लागू असल्याचं स्पष्ट केलं. तुमच्या पुस्तिकेत कोणती पद्धत धरली आहे ते पहिल्या पानावर लिहून टाका आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

सर्वात धोक्याची जागा पुढची आहे. ‘द प्रेशर मे इन्क्रीज’ म्हणजे दाब आपोआप वाढू शकतो, सावध राहा. ‘द प्रेशर मे बी इन्क्रीज्ड’ म्हणजे दाब वाढवायला हरकत नाही. एका ‘बी’मुळे इशाऱ्याची परवानगी होते. इन्क्रीज, ओपन, स्टार्ट, स्टॉप, चेंज, मूव्ह ही क्रियापदं सकर्मकही आहेत आणि अकर्मकही, त्यामुळे दोन्ही वाक्यं व्याकरणात बरोबर ठरतात आणि कोणतंही सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही. प्रत्येक ठिकाणी विचारा: हे आपोआप होतं, की कोणीतरी करतं? आपोआप होत असेल तर ‘बी’ काढा. शक्यता सांगायची असेल तिथे ‘मे’ऐवजी ‘माइट’ किंवा ‘कुड’ घेतलं तर परवानगीचा वासही राहत नाही.

नकारातही असाच सापळा आहे. ‘द कव्हर मस्ट नॉट बी रिमूव्ह्ड’ म्हणजे झाकण काढू नये, मनाई. ‘द कव्हर नीड नॉट बी रिमूव्ह्ड’ किंवा ‘डझ नॉट हॅव टू बी रिमूव्ह्ड’ म्हणजे काढायची गरज नाही, काढलं तरी चालेल. ‘मे नॉट बी रिमूव्ह्ड’ सूचनांत शक्यतो टाळा. ‘काढण्यास परवानगी नाही’ आणि ‘कदाचित काढलं गेलं नसेल’ असे दोन अर्थ त्यात येतात.

पॅसिव्ह करणाऱ्याला लपवतो, हेही ध्यानात असू द्या. ‘द फिल्टर शुड बी चेक्ड’ वाचून चालवणारा म्हणेल दुरुस्तीवाला बघेल, आणि दुरुस्तीवाला म्हणेल चालवणारा बघेल. काम नक्की कोणाचं हे महत्त्वाचं असेल तिथे पॅसिव्हचा हट्ट सोडा. ‘द ऑपरेटर मस्ट चेक द फिल्टर’ लिहा, किंवा पायरी थेट आज्ञार्थात द्या: ‘चेक द फिल्टर’. आणि ‘बाय’ दोनदा आलं तर वाक्य फोडा. ‘द रिपोर्ट मस्ट बी साइन्ड बाय द सुपरवायझर बाय फ्रायडे’मध्ये पहिला ‘बाय’ माणसाचा, दुसरा मुदतीचा. ‘नो लेटर दॅन फ्रायडे’ म्हटलं की मोकळं होतं.

प्रश्न: ‘हॅव टू’, ‘नीड’, ‘एबल टू’ यांचा पॅसिव्ह मोडलसारखाच होतो का?

उत्तर: जवळपास, पण ही क्रियापदं कर्त्याप्रमाणे रूप बदलतात आणि पॅसिव्हमध्ये कर्ता बदललेला असतो. ‘ही हॅज टू राइट थ्री लेटर्स’चं ‘थ्री लेटर्स हॅव टू बी रिटन’. ‘हॅज’ तसाच ठेवला की चूक. जुन्या कर्त्याला बांधून न घेता नव्या कर्त्याकडे बघून रूप ठरवा.

‘नीड’ दोन तऱ्हांनी येतं. साध्या क्रियापदासारखं, ‘द फिल्टर नीड्स टू बी क्लीन्ड’, किंवा मोडलसारखं नकारात, ‘द फिल्टर नीड नॉट बी क्लीन्ड’. दुसऱ्यात एस नाही आणि टू नाही. दोघांची भेसळ करून ‘नीड्स नॉट’ किंवा ‘नीड नॉट टू बी’ लिहू नका. ‘नीड्स क्लीनिंग’ हेही बरोबर आणि आटोपशीर आहे, पण ‘नीड्स बीइंग क्लीन्ड’ नको.

‘धिस इज एबल टू बी डन’ अवघडलेलं वाटतं, ‘कॅन बी डन’ लिहा. दोन मोडल शेजारी बसत नाहीत, म्हणून ‘विल मस्ट बी डन’ नव्हे तर ‘विल हॅव टू बी डन’. ‘विल कॅन बी डन’च्या जागी बहुतेक वेळा ‘इट विल बी पॉसिबल टू डू धिस’ चांगलं बसतं.

प्रश्न: ऑलवेज, नॉट, केअरफुली हे शब्द या रचनेत नेमके कुठे बसवायचे?

उत्तर: ‘नॉट’ मोडलच्या लगेच नंतर: ‘शुड नॉट बी ओपन्ड’. ऑलवेज, नेव्हर, ओन्ली, ऑल्सो हेही तिथेच: ‘शुड ऑलवेज बी चेक्ड’. रीत सांगणारे केअरफुली, करेक्टली, प्रॉपर्ली हे तिसऱ्या रूपाला खेटून, म्हणजे ‘बी’ आणि तिसऱ्या रूपाच्या मध्ये किंवा शेवटी: ‘शुड बी केअरफुली चेक्ड’ किंवा ‘शुड बी चेक्ड केअरफुली’. दोन्ही प्रकारचे शब्द एकत्र आले तर आपापल्या जागी बसतात: ‘शुड ऑलवेज बी केअरफुली चेक्ड’. ‘हॅव बीन’ असेल तर रीतवाचक शब्द ‘बीन’नंतर: ‘शुड हॅव बीन प्रॉपर्ली चेक्ड’.

‘ओन्ली’ला मात्र जपा. ‘द की मे ओन्ली बी युज्ड बाय द ऑपरेटर’मध्ये मर्यादा कशावर आहे, वापरावर की माणसावर, हे वाचणाऱ्याला ठरवावं लागतं. ‘द की मे बी युज्ड ओन्ली बाय द ऑपरेटर’ लिहिलं की मर्यादा सरळ माणसावर पडते.